पवईची तालीम

स्प्रिंगला वजन टांगलं आणि जरासं खाली ओढून सोडलं, की ते वरखाली हेलकावे घेऊ लागतं. अकरावी-बारावीच्या पुस्तकात या गणिताचं उत्तर एका ओळीत दिलेलं असतं. त्यासाठी संगणक लागत नाही. तरीही भौतिक विज्ञानासाठी आकडेमोडीच्या पद्धती शिकवताना शिक्षकांना हेच वजन फार आवडतं. उत्तर आधीच ठाऊक असेल तर संगणक कुठे थाप मारतो ते लगेच पकडता येतं.

आणि तो थापा मारतो. विद्यार्थी तीन ओळी लिहितो. पहिली ओळ वजनाच्या आत्ताच्या जागेवरून त्याचा प्रवेग काढते. दुसरी ओळ आत्ताच्या वेगाने वजन थोडं पुढे सरकवते. तिसरी त्या प्रवेगाने वेग बदलते. मग पुन्हा पहिली. वेळेचं पाऊल समजा ०.१ सेकंदाचं घेतलं आणि स्प्रिंग अशी निवडली की एका हेलकाव्याला ६.२८ सेकंद लागावेत, तर सुमारे ६३ पावलांत एक हेलकावा पुरा व्हायला हवा. तर्कात कुठे खोट दिसत नाही. शिवाय ही रीत अठराव्या शतकातल्या लिओनार्ड ऑयलरच्या नावावर आहे, म्हणजे घराणंही थोर. पण पडद्यावर आलेख उमटतो तेव्हा पहिल्याच हेलकाव्यात वजनाची ऊर्जा ८७ टक्क्यांनी वाढलेली असते. दहा हेलकाव्यांनंतर ती पाचशेपटीवर जाते आणि वजन मूळच्या जवळजवळ तेवीसपट उसळ्या मारू लागतं. कुणी धक्का दिलेला नाही, कुठे तार जोडलेली नाही, आणि ऊर्जा मात्र फुकटात वाढते आहे.

पाऊल बारीक करा, असं वर्गातून कुणीतरी सुचवतंच. ०.१ ऐवजी ०.०१ घेतलं तर काम दसपट वाढतं, आणि दहा हेलकाव्यांअखेर ऊर्जा ८७ टक्क्यांनी फुगलेली सापडते ती सापडतेच. मग शिक्षक शेवटच्या दोन ओळींची फक्त अदलाबदल करायला सांगतात. आधी वेग बदला, मग त्या नव्या वेगाने वजन सरकवा. एकही नवं अक्षर लिहायचं नाही. आता ऊर्जा किंचित वरखाली होत राहते, पण हजार हेलकावे झाले तरी हाताबाहेर जात नाही.

दोन ओळींच्या क्रमाने निसर्गनियम मोडतो किंवा टिकतो, हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की माणूस संगणकाकडे पूर्वीसारखा बघू शकत नाही. आकडेमोडीच्या या शिकवणीचं मर्म तिथेच आहे. प्रोग्राम लिहिणं आजकाल कुणीही शिकतं. आलेलं उत्तर खोटं का असू शकेल, याची यादी डोक्यात ठेवून काम करणं शिकायला मात्र वर्षं जातात. मराठीत ‘तालीम’ या शब्दाला दोन अर्थ आहेत, नाटकाची आणि पैलवानांची. इथे दोन्ही लागू पडतात. आधी ठाऊक असलेली संहिता पुन्हा पुन्हा म्हणायची, आणि मग मातीत उतरून पाठ टेकवून घ्यायची.

पाठ टेकवणारा पहिला प्रतिस्पर्धी अगदी किरकोळ दिसतो. संगणकाला ०.१ आणि ०.२ यांची बेरीज विचारली, तर बहुतेक भाषांत उत्तर येतं ०.३०००००००००००००००४. दशमान पद्धतीत एकतृतीयांश जसा ०.३३३ असा न संपता लांबत जातो, तसा द्विमान पद्धतीत एकदशांश लांबतो, आणि संगणक तो कुठेतरी छाटतो. शेवटच्या त्या चाराला हसण्याआधी सौदी अरेबियातलं धाहरान आठवावं. २५ फेब्रुवारी १९९१ रोजी तिथल्या पेट्रियट क्षेपणास्त्र यंत्रणेचं घड्याळ वेळ दशांश सेकंदांत मोजत होतं आणि एकदशांश हा आकडा २४ बिटांत छाटलेला होता. यंत्रणा सुमारे १०० तास सलग चालू राहिली, छाटाछाटीचा हिशेब ०.३४ सेकंदांवर पोचला. तेवढ्या वेळात इराकी स्कड क्षेपणास्त्र अर्ध्या किलोमीटरहून अधिक अंतर कापतं. पेट्रियटने आकाशात भलत्याच जागी पाहिलं, आणि २८ अमेरिकी सैनिक मेले.

मुंबईच्या उपनगरांत ही तालीम कधी सुरू झाली याची एक तारीख सांगता येणार नाही. जागा मात्र सांगता येते. आयआयटीचे पहिले वर्ग १९५८ साली वरळीला उसन्या जागेत भरले. १० मार्च १९५९ रोजी पंडित नेहरूंनी पवईला कोनशिला बसवली, तेव्हा तलावाच्या काठी जंगल आणि माळ होता. युनेस्कोमार्फत सोव्हिएत संघाची मदत मिळाली. त्यातूनच पुढे ‘मिन्स्क-२’ हा सोव्हिएत संगणक पवईला आला. शहराच्या दुसऱ्या टोकाला, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर), रंगस्वामी नरसिंहन यांच्या गटाने स्वतः बांधलेला ‘टिफ्रॅक’ १९६० साली कामाला लागला होता. त्याची स्मृती २,०४८ शब्दांची. आज एका फॉरवर्ड केलेल्या सुप्रभातच्या चित्रालाही ती पुरणार नाही. १९६४ साली टीआयएफआरने अमेरिकेतून सीडीसी ३६०० हा मोठा संगणक आणला आणि देशभरातल्या संस्थांची गणितं तिथे जाऊ लागली.

गणित ‘जाऊ लागलं’ हे अक्षरशः घ्यायचं. प्रोग्राम म्हणजे पुठ्ठ्याच्या पत्त्यांचा गठ्ठा, एका पत्त्यावर फोरट्रानची एक ओळ, प्रत्येक पत्त्यावर ८० रकाने. पहिल्या पाचांत विधानाचा क्रमांक, सहावा रकाना मागची ओळ पुढे चालू असल्याची खूण, सातव्यापासून बहात्तराव्यापर्यंत मजकूर. शेवटचे आठ रकाने पत्त्याच्या अनुक्रमांकासाठी मोकळे ठेवायचे. ते कशासाठी, हे भर गर्दीच्या लोकलमध्ये ज्याच्या हातातून पाचशे पत्त्यांचा गठ्ठा सुटला असेल त्याला वेगळं सांगावं लागलं नसेल. एक स्वल्पविराम चुकला तरी उत्तराऐवजी चुकांची यादी हातात पडायची आणि पुन्हा रांग. या गैरसोयीचा एक फायदा होता, आणि तो आज हरवला आहे. यंत्राला विचारण्याआधी माणूस कागदावर पेन्सिलीने उत्तराचा अंदाज काढून ठेवायचा.

त्याच १९६४ साली, त्याच सीडीसी ३६०० जातीच्या यंत्रावर, शिकागोजवळच्या अरगॉन प्रयोगशाळेत हैदराबादला जन्मलेल्या अनीसुर रहमान यांनी द्रवरूप आर्गॉनचे ८६४ अणू ‘हलवून’ दाखवले. प्रत्येक अणूवर बाकीच्यांचा ओढा किती आणि रेटा किती ते काढायचं, सगळे अणू जरासे सरकवायचे, पुन्हा काढायचं. म्हणजे स्प्रिंगवरच्या वजनाचं गणित ८६४ वेळा, एकमेकांत गुंतलेलं. प्रयोगशाळेत मोजलेल्या आर्गॉनच्या वागण्याशी ते जुळलं. औषधाचा रेणू प्रथिनाच्या खाचेत कसा बसतो याची जी हलती चित्रं आज दिसतात, त्यांचं मूळ या कामात आहे.

पवईच्या अगदी घरातला माणूस वेगळा आहे आणि त्याची गोष्ट मराठी वाचकाला पुरेशी ठाऊक नाही. सुहास पाटणकर १९६२ साली पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवीधर झाले, १९६४ साली त्यांनी आयआयटी मुंबईतून एम.टेक. केलं आणि १९६७ साली लंडनच्या इंपीरियल कॉलेजातून ब्रायन स्पाल्डिंग यांच्या हाताखाली पीएच.डी. मिळवली. पुढे त्यांनी अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अनेक वर्षं शिकवलं. १९७२ साली पाटणकर आणि स्पाल्डिंग यांनी द्रव आणि वायूंच्या प्रवाहाचं गणित सोडवण्याची एक रीत प्रसिद्ध केली. तिच्या लांबलचक इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांतून शब्द तयार झाला, ‘सिम्पल’. नावात थोडा खट्याळपणा आहे, कारण ज्या अडचणीवर ती रीत निघाली ती मुळीच साधी नव्हती.

अडचण दाबाची होती. पाणी नळातून कसं वाहतं हे काढायचं तर दोन नियम हाताशी असतात. एक, न्यूटनचा: दाब जिकडे कमी तिकडे पाणी ढकललं जातं. दुसरा, हिशेबाचा: पाणी दाबून लहान होत नाही, म्हणून कुठल्याही चौकटीत जेवढं आत येतं तेवढंच बाहेर गेलं पाहिजे. वेगासाठी समीकरण आहे, पण दाबाला स्वतःचं समीकरणच नाही. तो या दोन नियमांच्या मध्ये लपून बसतो.

घाटकोपर स्टेशनचा पूल संध्याकाळी साडेसहाला डोळ्यांपुढे आणावा. मेट्रोतून उतरलेला लोंढा लोकलच्या फलाटांकडे निघाला आहे. पुलाचे मनातल्या मनात वावभर लांबीचे तुकडे पाडा. एखाद्या तुकड्यात मिनिटाला शंभर माणसं शिरतात आणि नव्वदच बाहेर पडतात, असा हिशेब निघाला तर काहीतरी चुकलं आहे. त्या तुकड्यात रेटा आपण धरला त्यापेक्षा जास्त असला पाहिजे. रेटा वाढवून पाहा: मागचे हळू शिरतील, पुढचे लवकर सुटतील. पाटणकर-स्पाल्डिंग रीत हेच करते. आधी दाब अंदाजाने धरायचा. त्यावरून वेग काढायचे. प्रत्येक चौकटीचा आवक-जावक हिशेब तपासायचा. जिथे आवक जास्त तिथे दाब वाढवायचा, जिथे जावक जास्त तिथे उतरवायचा, आणि पुन्हा पहिल्यापासून. मात्र हिशेब सांगेल तेवढी सगळी दुरुस्ती एका दमात करायची नाही, नाहीतर उत्तर दुसऱ्या टोकाला झुकतं आणि मग कधी ठरतच नाही. आमटीत मीठ घालावं तसं थोडं घालून चव पाहायची. किती थोडं, याचे आकडे पाटणकरांनी अनुभवावरून देऊन ठेवले आहेत: दाबाच्या दुरुस्तीचा ०.८ भाग, वेगाच्या बदलाचा ०.५ भाग.

यात एक फसवी जागा आहे आणि ती दाखवल्यावाचून पुढे जाववत नाही. समजा एका ओळीतल्या चौकटींत दाब १००, ५०, १००, ५० असा बुद्धिबळाच्या पटासारखा आला. खऱ्या पाण्यात असं झालं तर प्रचंड उलथापालथ होईल. पण दाबाचा उतार काढताना संगणक जर डावीकडच्या आणि उजवीकडच्या शेजाऱ्याची तुलना करत असेल, तर पन्नासच्या दोन्ही बाजूंना शंभरच दिसतात. उतार शून्य, सगळं शांत. संगणक हे भूत आनंदाने उत्तर म्हणून हातात ठेवतो. उपाय असा, की दाब चौकटीच्या मध्यावर मोजायचा आणि वेग चौकटीच्या भिंतीवर. भिंतीच्या एका अंगाला १०० आणि दुसऱ्या अंगाला ५० असले की फरक लपत नाही. ही सरकवलेली जाळी अमेरिकेतल्या लॉस अलामोसच्या हार्लो आणि वेल्श यांनी १९६५ साली वापरली होती. पाटणकरांनी ती उचलली आणि आपल्या पुस्तकातून अशी समजावली की पुढच्या पिढ्यांना दुसरं काही वाचावं लागू नये.

ते पुस्तक १९८०चं, उष्णतेचं वहन आणि द्रवांचे प्रवाह या विषयावरचं, जेमतेम दोनशे पानांचं. त्यात पाटणकरांनी समीकरणांना चार शिस्ती घालून दिल्या. त्यातली एक तर कुठल्याही आजीला पटेल. शेजारच्या चौकटीचं तापमान वाढलं आणि बाकी काही बदललं नाही, तर तुमच्या चौकटीचं तापमान वाढलं पाहिजे, उतरता कामा नये. वरवर बालिश वाटणारी ही अट मोडणाऱ्या पद्धती त्या काळी सर्रास वापरात होत्या आणि त्यांतून भट्टीत बर्फ तयार होण्याइतकी विसंगत उत्तरं निघू शकत. त्याच पुस्तकात सुधारलेली रीत आली आणि तिचं नाव अर्थातच ‘सिम्प्लर’. मोटारीच्या टपावरून जाणारी हवा, बॉयलरमधली ज्वाला, डेटा सेंटरच्या जमिनीखालून फिरणारा गारवा, अशा कितीतरी हिशेबांत पाटणकरांचा हात असतो. डेटा सेंटरचा तर थेटच. त्यांनी मिनेसोटात काढलेल्या कंपनीने त्यासाठी खास प्रोग्राम केला.

इंपीरियल कॉलेजची ही परंपरा दुसऱ्या वाटेनेही पवईला आली. अनिल दाते यांनी तिथूनच पीएच.डी. केली, आयआयटी मुंबईच्या यांत्रिकी अभियांत्रिकी विभागात दीर्घकाळ शिकवलं, आणि संगणकीय द्रवगतिकीवरचं त्यांचं पाठ्यपुस्तक २००५ साली केंब्रिज विद्यापीठाच्या मुद्रणालयाने काढलं.

रसायनशास्त्राच्या अंगाने पाहिलं तर पुणे विद्यापीठातल्या श्रीधर गद्रे यांचं काम आठवतं. रेणूतल्या इलेक्ट्रॉनांचं गणित इतकं झपाट्याने फुगतं, की नेहमीच्या एका पद्धतीत रेणू दुप्पट केला की काम कागदोपत्री सोळापट होतं. गद्रे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी १९९४ साली मांडलेल्या तोडग्याचं इंग्रजी नावच शिंपीकामावरून घेतलेलं आहे. मोठा रेणू बेतून त्याचे तुकडे कापायचे, शिवणीसाठी एकमेकांवर चढतील एवढी जास्तीची कड सोडायची, प्रत्येक तुकड्याचं गणित स्वतंत्र करायचं, आणि शिवताना दोनदा मोजलेली कड वजा करायची. कात्री कुठे चालवायची यात कसब आहे.

उपनगरांच्या पूर्व टोकाला, मानखुर्दच्या पलीकडे, तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राचं प्रशिक्षण विद्यालय १९५७ पासून चालू आहे. अणुभट्टीत न्यूट्रॉन कुठून कुठे भरकटतात याचं गणित फासे टाकून करतात. रीतीचं नावच माँटे कार्लो, जुगाराच्या अड्ड्यावरून. तिचा कायदा कडक आहे, अचूकता दसपट हवी तर फासे शंभरपट टाका. १९८०च्या दशकात महासंगणक विकत मिळेनासे झाले तेव्हा पुण्यात सी-डॅकने १९९१ साली ‘परम ८०००’ बांधला आणि भाभा केंद्राने त्याच वर्षी इंटेलचे चार प्रोसेसर जोडून पहिला ‘अनुपम’. जुहूच्या गुलमोहर क्रॉस रोडवर टीआयएफआरच्याच पोटातून निघालेलं राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र होतं. तेही २००३ साली सी-डॅकमध्ये विलीन झालं.

पण उपनगरांतल्या माणसाला या सगळ्याची निकड कशी कळली, याची तारीख नक्की आहे. २६ जुलै २००५. सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. त्याच वेळात कुलाब्याला पडला जेमतेम ७४. दोन्हींमध्ये वीस-पंचवीस किलोमीटरचं अंतर. विहार आणि पवई तलावांचं ओसंडलेलं पाणी घेऊन वाहणारी मिठी नदी, जिला अनेक मुंबईकर तोवर नाला समजत, वस्त्यांत शिरली. एरवी हवामानाचं गणित करताना आकाशावर चौकटींची जाळी टाकतात आणि एका चौकटीत एकच सरासरी पाऊस धरतात. चौकट जर सांताक्रूझ आणि कुलाबा दोघांनाही पोटात घेण्याएवढी मोठी असेल, तर ९४४ आणि ७४ यांची सरासरी निघते आणि ती दोन्ही ठिकाणी खोटी असते.

मग चौकटी लहान करा. इथे स्प्रिंगवरच्या वजनाची आठवण पुन्हा येते, कारण चौकट लहान केली की वेळेचं पाऊलही लहान करावं लागतं. कूरांट, फ्रीडरिक्स आणि लेवी या तिघांनी १९२८ सालीच हा नियम सांगितला होता. लोकलचं उदाहरण घ्या. प्रत्येक स्टेशनवर एक मोजणीदार बसला आहे आणि त्याला फक्त शेजारच्या दोन स्टेशनांची खबर मिळते. अंधेरीच्या माणसाला विलेपार्ले आणि जोगेश्वरी. दर वेळी घंटा वाजली की तो आपला आकडा बदलतो. दोन घंटांमध्ये गाडी एकच स्टेशन सरकत असेल तर काम चालतं. पण घंटा इतक्या उशिरा वाजत असेल की मधल्या वेळात फास्ट लोकल बोरिवलीहून थेट अंधेरीला पोचली, तर जोगेश्वरीच्या माणसाने तिची खबर द्यायच्या आतच ती येऊन गेलेली असते, आणि सगळी वही चुकते. म्हणून आडवी-उभी चौकट निम्मी केली की चौकटी चौपट, घंटा दुप्पट, एकूण काम आठपट. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २०२५ च्या मे महिन्यात १२ किलोमीटरवरून ६ किलोमीटरच्या चौकटीवर जाणारी ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ सुरू केली, तिच्यामागे ‘अर्क’ नावाचा ११.७७ पेटाफ्लॉप्सचा महासंगणक उभा आहे. एक पेटाफ्लॉप म्हणजे सेकंदाला एकावर पंधरा शून्यं एवढ्या क्रिया.

या आकड्याशेजारी लुईस फ्राय रिचर्डसन यांचा हिशेब ठेवण्याचा मोह आवरत नाही. या इंग्रज गृहस्थांनी १९१० साली एका धरणाच्या भिंतीतले ताण काढले, तेव्हा बेरजा-वजाबाक्यांसाठी मुलं कामाला लावली होती. दर ठरलेला, चुकीच्या आकड्याला पैसे नाहीत. सगळ्यांत चपळ पोरांपैकी एक जण आठवड्याला सुमारे २,००० क्रिया करायचा. पुढे पहिल्या महायुद्धात रुग्णवाहिका चालवता चालवता त्यांनी २० मे १९१० या दिवसाच्या सहा तासांचं हवामान हाताने गणून काढलं. उत्तर आलं, हवेचा दाब १४५ हेक्टोपास्कलने वाढेल. प्रत्यक्षात तो जवळजवळ हललाही नव्हता. रिचर्डसन यांनी ही नाचक्की लपवली नाही, १९२२ साली पुस्तकात छापली. खूप नंतर कळलं की रीत ठीक होती; सुरुवातीला भरलेल्या वाऱ्याच्या आणि दाबाच्या नोंदी एकमेकांशी जुळत नव्हत्या. पद्धत बरोबर आणि उत्तर हास्यास्पद, हा प्रकार शिकवायला याहून चांगलं उदाहरण मिळणार नाही.

आता ही विद्या शिकायला पवईत प्रवेश मिळालाच पाहिजे असं राहिलेलं नाही, आणि या बदलातही पवईचा वाटा आहे. रासायनिक अभियांत्रिकीचे प्राध्यापक कन्नन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने तिथे ‘फॉसी’ आणि ‘स्पोकन ट्युटोरियल’ हे दोन प्रकल्प उभे राहिले. सायलॅब, पायथन, ओपनफोम असे फुकट आणि मोकळे प्रोग्राम कॉलेजांत रुजवायचे हा पहिल्याचा उद्देश. ते शिकवणाऱ्या दहा-दहा मिनिटांच्या चित्रफिती हा दुसऱ्याचा. चित्रफितींचा आवाज मराठीसह अनेक भारतीय भाषांत आहे. विद्यार्थ्याने चित्रफीत थांबवायची, शेजारच्या खिडकीत स्वतः करून पाहायचं, मग पुढे जायचं. सायलॅबच्या एका उपक्रमात तर देशभरच्या विद्यार्थ्यांनी नेहमीच्या पाठ्यपुस्तकांतली सोडवलेली उदाहरणं एकेक करून प्रोग्राममध्ये उतरवली. तालमीतल्या दंडबैठकाच त्या. पवईच्याच एरोस्पेस विभागातले प्रभू रामचंद्रन यांनी त्रिमितीय आकडे डोळ्यांना दिसावेत म्हणून केलेल्या प्रोग्रामचं नाव ‘मायावी’; जगभरचे शास्त्रज्ञ ते नाव अर्थ न कळता घेतात. वैज्ञानिक पायथनची ‘सायपाय इंडिया’ परिषद २००९ साली तिरुवनंतपुरमला सुरू झाली आणि पुढे बरीच वर्षं पवईत भरत राहिली.

ओपनफोममधला पहिला धडा एका चौकोनी डबक्याचा आहे. दहा सेंटिमीटरची चौकट, तीन भिंती स्थिर, वरचं झाकण सेकंदाला एक मीटर वेगाने एकाच दिशेला सरकतं आणि आतलं पाणी गरगर फिरू लागतं. याच डबक्याचे आकडे सिनसिनाटी विद्यापीठातल्या घिया दांपत्याने शिन यांच्याबरोबर १९८२ साली इतके काटेकोर काढले, की आजही नवा प्रोग्राम लिहिणारा प्रत्येक जण आपलं उत्तर त्यांच्या तक्त्याशी ताडून पाहतो. ओपनफोमच्या पुढच्या धड्यांत जो सोडवणारा प्रोग्राम येतो त्याचं नाव ‘सिम्पलफोम’. एम.टेक. करून १९६४ साली पवईतून बाहेर पडलेल्या पाटणकरांची रीत असं नाव घेऊन पवईच्याच वर्गांत परत आली आहे.

बोरिवलीला दोन खोल्यांच्या घरात रात्री अकराला जुन्या लॅपटॉपवर हा धडा करणारी एखादी एम.एस्सी.ची विद्यार्थिनी डोळ्यांपुढे आणावी. चित्रफीत मराठीतून चालू आहे, आवाज बारीक, कारण बाहेरच्या खोलीत आजोबा झोपलेत. धड्यात दिलेली जाळी २० गुणिले २०. तिने पाण्याचा चिकटपणा ०.०१ वरून ०.००१ केला, म्हणजे घियांच्या तक्त्यातल्या पहिल्या रकान्याशी तुलना करता येईल. डबक्याच्या बरोबर मध्यावर आडवा वेग तक्ता सांगतो उणे ०.२०५८१. तिचा आकडा त्याच्या आसपास आला, पण जुळला नाही. तिने जाळी ४० गुणिले ४० केली आणि पुन्हा चालवलं. पडद्यावर ओळी धावू लागल्या, प्रत्येक पावलाला एक कूरांट संख्या, म्हणजे एका पावलात प्रवाह किती चौकटी ओलांडतो तो आकडा, छापली जात होती आणि ती एकच्या वर गेली होती. तिने प्रोग्राम थांबवला, वेळेची फाइल उघडली आणि ०.००५ खोडून तिथे ०.००२५ लिहिलं.